पोट विचारणाऱ्या बाई

पहिल्या भेटीत बाईंनी माझा डबा उघडला, झाकणाला नाक लावलं आणि म्हणाल्या, "मेथी कालची हाय, पोळी आजची. ठीक हाय. पण तू पाणी पीत न्हाईस."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या ओठांकडे बोट दाखवलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तो प्रश्न मला आजवर फक्त आईनं विचारला होता, तोही मी सहा वर्षांची असताना. "सकाळी साफ झालं का?"

ऑफिसात आणखी चार माणसं बसली होती. मी "हो" म्हणाले. बाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. खरी गोष्ट अशी होती की पुनावळ्यात आम्ही चार मुली एका फ्लॅटमध्ये राहत होतो. बाथरूम एक, पाणी टँकरचं, आणि चौघींनाही साडेसातच्या आत बाहेर पडायचं असायचं. माझा नंबर शेवटचा. बऱ्याचदा नंबर यायच्या आधी बस यायची. हे मी परभणीला आईलासुद्धा कळवलं नव्हतं, आणि ही बाई मला ओळखून पाच मिनिटं झाली नव्हती.

ताथवड्यातली ती संस्था शाळांमधून विज्ञानाची फिरती प्रदर्शनं भरवायची. एक टेम्पो होता, त्यात घडीची टेबलं, तक्ते, यंत्रं घालून आम्ही चाकणपासून राजगुरुनगरपर्यंतच्या शाळा करायचो. मी बायोटेकची पदवी घेतलेली म्हणून पचनसंस्थेचं प्रदर्शन माझ्या वाट्याला आलं. त्यात मुख्य वस्तू म्हणजे एक फायबरचा माणूस. त्याच्या पोटाला बटणं होती. जठराचं बटण दाबलं की जठरात लाल दिवा लागायचा, यकृताचं दाबलं की हिरवा. मुलं येऊन सगळी बटणं एकदम दाबायची आणि पळून जायची.

बाईंना घेतलं होतं ते खाद्यपदार्थांच्या टेबलासाठी. दही, आंबील, मोड आलेली मटकी, भाकरी, मुलांना हात लावता येईल असं सगळं त्यांनी करून आणायचं आणि मांडायचं, एवढंच काम. शिकवायचं काम माझं. पहिला आठवडाभर त्या टेबलामागं गप्प उभ्या राहिल्या आणि त्या फायबरच्या माणसाकडे बघत राहिल्या. आठव्या दिवशी मला म्हणाल्या, "ह्याला भूक लागलेली दिसत न्हाई कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीचे तुकडे केले आणि मुलांना एकेक दिला. गिळायचा नाही, त्या सांगेपर्यंत चावायचा. मुलं चावत राहिली. कंटाळली, हसली, पुन्हा चावायला लागली. मग एका कोपऱ्यातून एक पोरगा तोंड भरलेलंच ठेवून ओरडला की गोड लागतंय. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. बाईंनी कुणालाही काही सांगितलं नाही, त्या फक्त म्हणाल्या, "साखर कुणी टाकली?" अर्धा तास तो वर्ग साखर शोधत होता. लाळेनं पिठाची साखर होते हे मी कॉलेजात लिहून गुण मिळवले होते, पण चव घेऊन पाहिली नव्हती. त्या दिवशी टेम्पोत बसून मीही एक तुकडा शंभर वेळा चावला.

बाई चाकणजवळच्या एका गावातल्या. शेती होती, त्यातली बरीचशी कंपन्यांत गेली, मग घरातली माणसंही कंपन्यांत गेली. बाई आधी सहा वर्षं एका कंपनीच्या लाईनवर होत्या, त्यानंतर तिथल्याच कॅन्टीनमध्ये. शेवटी तीन शिफ्टचं जेवण त्यांच्या हाताखाली निघायचं. शिक्षण सातवीपर्यंत. पण हजार माणसांची ताटं परत येताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि त्यांच्या मते तेच त्यांचं कॉलेज. कोण भात टाकतो, कोण नुसतं ताक पिऊन उठतो, कुणाला शिफ्ट बदलली की दोन दिवस जेवण जात नाही, हे त्या ताटावरून सांगायच्या. "पोट शिफ्ट मानत न्हाई," हे त्यांचं एक वाक्य. कामगाराला रात्रपाळी लावता येते, जठराला नाही, असा त्याचा अर्थ त्या मुलांना समजावून सांगायच्या. आणि ज्या मुलांचे वडील रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, ती मुलं एकदम लक्ष देऊन ऐकायला लागायची.

कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे मावशी म्हणायचे. शाळेत मुलं त्यांना बाई म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं, शाळेतल्या कुणी शिक्षिका आल्या का म्हणून. ऑफिसात परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की आता मावशी बंद. तेव्हापासून आमच्या संचालकांसकट आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायला लागलो.

आतडी केवढी लांब असतात हे दाखवायला माझ्याकडे प्लास्टिकची दोरी होती. बाईंनी ती गुंडाळून ठेवली आणि सासूचं जुनं नऊवारी लुगडं आणलं. ते शाळेच्या मैदानात सरळ पसरलं आणि मुलांना सांगितलं की आता हे सगळं एका दप्तरात बसवा. मुलांनी कोंबलं, ते बाहेर आलं. पुन्हा कोंबलं. शेवटी एका मुलीनं घड्या घालत घालत नीट बसवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता तुज्या पोटात कसं बसलंय ते तुलाच म्हाईत." मी संध्याकाळी टेपनं मोजलं. लहान आणि मोठं आतडं मिळून पुस्तकात जी लांबी दिली होती, तिच्यात आणि लुगड्यात फारसा फरक नव्हता. मी त्यांना म्हटलं, पण ही मोठ्या माणसाची लांबी, मुलांची याहून कमी. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "वाढत्यात की अजून. कापायचं कशापायी?"

त्यांच्या घरामागं पाच खोल्या होत्या, भाड्यानं दिलेल्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली कामगार कुटुंबं राहायची. या खोल्या त्यांच्या शिकवण्यात नेहमी यायच्या. पोटातले जंतू हा विषय निघाला की मुलं चेहरे वाकडे करायची. बाई म्हणायच्या, "ते भाडेकरू हायत. चांगले हायत. झाडत्यात, पुसत्यात, वंगाळ माणसाला चाळीत शिरू देत न्हाईत. आपण फक्त त्यांना ताक, भाकरी, भाजी द्यायची." मग आवाज खाली आणून सांगायच्या की उगाच सर्दीपडशाला कुणाच्याही सांगण्यावरून कडक गोळ्या खाल्ल्या की वाईटाबरोबर चांगले भाडेकरूपण खोली सोडून जातात, आणि मग खोली परत भरायला किती दिवस लागतात ते मला विचारा. हे मी तक्त्यावर 'उपकारक जीवाणू' या मथळ्याखाली चार ओळींत लिहिलं होतं. ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

आमच्या संचालकांना हे सगळं आवडायचं, एक गोष्ट सोडून. बाईंनी प्रदर्शनाच्या शेवटी एक पडदा लावला होता. पडद्यामागं तेलाचे दोन रिकामे डबे, एकावर सूर्य काढलेला, दुसऱ्यावर ढग. प्रत्येक मुलानं एकट्यानं आत जायचं आणि एक चिंचोका टाकायचा. सकाळी साफ झालं असेल तर सूर्यात, नसेल तर ढगात. नाव नाही, गाव नाही. संचालक म्हणाले की पालकांना हे बरं वाटत नाही, प्रदर्शन लहान आतड्यापर्यंत ठेवू या, पुढचं थोडक्यात सांगून टाकायचं. बाईंनी त्यांना विचारलं, "सर, ड्रेनेज नसलेल्या बिल्डिंगीत तुमी फ्लॅट घ्याल का?" सर हसले आणि विषय तेवढ्यावर राहिला. पण तो मिटला नव्हता.

राजगुरुनगरच्या अलीकडं, हायवेपासून आत एका गावातल्या शाळेत आम्ही गेलो होतो. गाव लहान, पण आजूबाजूला कंपन्या आणि भाड्याच्या चाळी झालेल्या, त्यामुळे पट मोठा. दुपारी सातवीच्या मुलींचा गट झाला आणि मी नेहमीसारखे डबे रिकामे करायला पडद्यामागं गेले. सूर्याच्या डब्यात चार चिंचोके होते. बाकी सगळे ढगात. मला वाटलं मुलींनी मस्करी केली. मी बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही डबे हलवून पाहिले आणि त्या मुलींच्या वर्गात जाऊन खाली सतरंजीवर बसल्या. मीही मागं जाऊन बसले.

एक उंच मुलगी, दोन वेण्यांची, म्हणाली, "बाई, आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप होतं. मुलं भिंतीपलीकडं जायची, मुली संध्याकाळपर्यंत थांबायच्या. पाणी प्यायलं नाही की थांबता येतं. मधल्या सुट्टीत कमी खाल्लं की आणखी सोपं जातं. बाईंनी विचारलं की मग सकाळी घरी? ती उंच मुलगी म्हणाली की त्यांच्या चाळीत सात खोल्यांना एक संडास आहे. पहिल्या शिफ्टची माणसं आधी जातात, त्यांची बस असते. मग दुसरी माणसं. तिचा नंबर येईपर्यंत शाळा भरते. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

"मालकीण काय म्हणती?" बाईंनी विचारलं.

"ती चांगली आहे," मुलगी म्हणाली. "भाडं वाढवत नाही."

बाई उठून बाहेर आल्या. व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्याबी पाच खोल्यांना एकच हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "दोन पोरी हायत त्यात. रोज इचारते त्यांना, साफ झालं का म्हणून. रोज व्हय म्हणत्यात."

मला ऑफिसातली आमची पहिली भेट आठवली. मीही तेव्हा 'हो'च म्हणाले होते.

मग त्यांनी मला लाईनवरची गोष्ट सांगितली. मी त्यांच्याबरोबर वर्षभर फिरत होते, पण ही कधी ऐकली नव्हती. लाईनवर तीस बायका होत्या आणि खुंटीला एक लाकडी टोकन टांगलेलं असायचं. ज्या बाईला बाथरूमला जायचं तिनं ते न्यायचं, ती परत आल्याशिवाय दुसरीनं जायचं नाही. सुपरवायझर खुंटीकडे बघत बसायचा. मग बायकांनी सकाळचा चहा सोडला, नंतर डाळ कमी केली, नंतर पाणी. "टोकन मागायला लागू नये म्हणून आमी जेवण सोडलं," त्या म्हणाल्या. पुढं कॅन्टीनला गेल्यावर बायकांची अर्धी ताटं परत यायला लागली तेव्हा बाकीचे म्हणायचे, बायका नखरे करतात. एकट्या बाईंना कारण माहीत होतं. आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही. टाकीकडं जाणारा पाइप फुटला होता, त्यांनी दोनदा अर्ज दिला होता. पाणी नसताना संडास उघडा ठेवला तर आठ दिवसांत तिकडं पाऊल टाकवणार नाही, म्हणून कुलूप. शिक्षिका शेजारच्या घरी जातात. मुलींचं काय, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मुली काही बोलल्या नाहीत कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ताथवड्याच्या एका मोठ्या शाळेत पोचायचं होतं. आमच्या प्रदर्शनाला पैशांची मदत करणारे लोक ते बघायला येणार होते. बाई म्हणाल्या, "मी येत न्हाई. माजं प्रदर्शन हितं अर्धं ऱ्हायलंय." मी त्यांना समजावलं. मग संचालकांना फोन लावून दिला. संचालक बराच वेळ बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि जाऊन त्या कुलपासमोरच्या पायरीवर बसल्या. संचालक मला म्हणाले की तू तरी वेळेवर पोच, आणि ते डब्यांचं उद्या नको.

मी गेले. हे सांगायला मला आजही जड जातं, पण मी गेले. ताथवड्यात सगळं उत्तम झालं. मुलांनी लुगडं दप्तरात बसवलं, पाहुण्यांनी फोटो काढले, मीही भाकरीचा प्रयोग केला. पडदा आणि डबे टेम्पोत तसेच ठेवले होते. मोठ्या आतड्यापाशी मी थांबले तेव्हा दुसरीतला एक मुलगा हात वर करून म्हणाला, "मॅडम, पुढं काय होतं?" मी पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको असलेला भाग शरीर बाहेर टाकतं." आणि टाळ्या सुरू झाल्या.

सामान उतरवून मी बसनं परत त्या गावात गेले. शाळा सुटायला थोडा वेळ होता. मागच्या बाजूला तीन माणसं पाइप जोडून हात धूत होती. पहिली शिफ्ट सुटल्यावर तशीच कंपनीच्या युनिफॉर्मवर आलेली. त्यातला एक फिटर मला म्हणाला, "मावशींच्या हातचं अकरा वर्षं खाल्लंय, मॅडम. फोन आला, निघालो." बाईंनी त्याला मावशी म्हणू दिलं. दिवसभर त्यांनी मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन फरशी घासली होती. मुख्याध्यापकांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी कार्यक्रम कसा झाला, कोण आलं होतं, यातलं काहीच विचारलं नाही. "पोरांनी काय इचारलं?" एवढंच.

मी सांगितलं. एकानं पुढं काय होतं ते विचारलं आणि मी नीट सांगितलं नाही.

त्यांनी पायरीवर थोडं सरकून जागा केली. "बस," म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी किल्ली बाईंना दिली, बाईंनी ती त्या उंच मुलीला दिली. तिनं कुलूप काढलं. नळ सुरू केला, पाणी आलं. मुली दाराशी घोळका करून उभ्या राहिल्या, एकमेकींना ढकलत, हसत. आत कुणीच गेलं नाही. घंटा झाली आणि सगळ्या घरी गेल्या. मला वाईट वाटलं. दिवसभराची एवढी मेहनत, आणि एकही मुलगी आत गेली नाही. मी तसं म्हणालेही.

बाई साडीचा ओला पदर पिळत होत्या. "आतडं एका दिवसात भरवसा ठेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला आधी कळू दे, की उद्याबी उघडं हाय."

संचालकांनी त्या आठवड्यात बाईंना बोलावून समज दिली. आवाज चढवला नाही, पण पुढच्या वेळी असं चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. बाईंनी ते मान्य केलं आणि सोमवारपासून मी येत नाही, घरी काम निघालंय, असं सांगून गेल्या. मला वाटलं रागावून गेल्या. महिन्यानं मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खरंच काम चालू होतं. पाच खोल्यांतली शेवटची खोली त्यांनी मोकळी केली होती आणि तिथं दोन संडास बांधून होत आले होते. त्या खोलीतलं कुटुंब बाईंच्या स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत राहत होतं, भाडं तेच. बाईंचा मुलगा थोडा घुश्शात दिसला. बाई गवंड्याला कडी आतून नीट लागते का ते दाखवून देत होत्या, स्वतः आत जाऊन, दार लावून, आतून ओरडून. "बाहेरनं ढकल बरं जोरात," त्या मला म्हणाल्या. मी ढकललं. दार हललं नाही.

त्या परत कामावर आल्या नाहीत. संडासाला कुलूप होतं त्याच शाळेत आता दुपारचा आहार शिजवतात, आणि मुलींची ताटं परत येताना बघतात. प्रदर्शन मी एकटी करते. फायबरचा माणूस आम्ही कधीच काढून टाकला. पडदा आणि डबे आहेत. संचालक एकदा काही बोलले, मी ऐकून घेतलं आणि ते तसेच राहिले.

गेल्या महिन्यात चाकणच्या पुढं एका नव्या शाळेत गेले. टेम्पो फाटकात उभा होता, सामान उतरायचं होतं. मी मुख्याध्यापकांना नमस्कार केला आणि सरळ इमारतीच्या मागं चालायला लागले. ते घाईघाईनं मागं आले. म्हणाले, "मॅडम, तिकडं काही नाही. प्रदर्शन कुठं मांडायचं, ती जागा तर आधी बघा."

"तीच बघतेय, सर," मी म्हणाले.